एनपी झाल्यावर औषध लिहिता येईल का? आधी स्टँडिंग ऑर्डर बघ

बीएस्सी नर्सिंग झालं, ४ वर्षं आयसीयूत काढली, आता नेहमीचं एमएस्सी करू की क्रिटिकल केअरचं एनपी (नर्स प्रॅक्टिशनर), आणि एनपी झाल्यावर आपल्या सहीने औषध लिहिता येईल का, असं तू विचारलंयस. मी १९ वर्षं आयसीयूत आहे, सध्या इन्चार्ज. वयाने बरीच मोठी असणार, म्हणून सरळ 'तू' म्हणते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. निदान तुला वाटतंय तसं नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०१७ च्या सुमारास हा २ वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स आणला. त्यात औषध देणं, तपासण्या सांगणं हे सगळं हॉस्पिटलच्या प्रोटोकॉलच्या आणि स्टँडिंग ऑर्डरच्या (डॉक्टरांनी आधीच सही करून ठेवलेल्या लेखी सूचनांच्या) चौकटीत आहे. बाहेरचा मेडिकलवाला शेड्यूल एचचं (चिठ्ठीशिवाय न विकायचं) औषध आजही नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच देणार. म्हणजे पदवी सगळ्यांची एकच, पण हातात अधिकार किती ते त्या त्या हॉस्पिटलच्या कागदावर. कागद नसेल तर एनपी होऊनही तू फोनवरच्या ऑर्डरवरच चालणार.

त्यात काय होतं ते माझंच सांगते. खूप जुनी नाइट. सेप्सिसचे आजोबा, व्हेंटिलेटरशी झगडत होते. ऑनकॉल डॉक्टरांना फोन केला. "मिडॅझ पाच द्या," झोपेतला आवाज. मिडॅझ म्हणजे मिडॅझोलाम, पेशंटला शांत करणारं झोपेचं औषध. मी "५ मिलीग्रॅम ना सर?" म्हटलं, "हो हो" आलं आणि फोन बंद. दिलं. १० मिनिटांत सिस्टॉलिक (वरचं) बीपी ११० वरून ७० वर. रेसिडेंटला धावत आणलं, नॉरअ‍ॅड (बीपी वर आणणारं औषध) वाढवलं, पहाटेपर्यंत आजोबा सावरले. सकाळी राउंडला सर म्हणाले, "मी दोन सांगितले होते." शीटवर अक्षर फक्त माझं, त्यांची सही व्हायची होती. मेमो मला.

त्यानंतर दुसऱ्या एका ठिकाणी मी सिडेशनचा लेखी प्रोटोकॉल पहिल्यांदा पाहिला. एकच पान. रास स्कोर (पेशंट किती शांत किंवा अस्वस्थ ते मोजणारा आकडा) कितीवर ठेवायचा, एका वेळी किती मिलीग्रॅम, सिस्टॉलिक ९० च्या खाली असेल तर द्यायचंच नाही, दोन बोलसनंतरही (एकदम दिलेल्या डोसनंतरही) पेशंट शांत नसेल तर डॉक्टर बेडजवळ हवा. खाली आयसीयू प्रमुखांची सही, तारीख, आणि पुन्हा कधी तपासायचं तेही. त्या पानाच्या जोरावर साधी स्टाफ सिस्टरही रात्री निर्धास्त असायची.

म्हणून कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस. त्यांच्या आयसीयूच्या स्टँडिंग ऑर्डर दाखवायला सांग. "आहेत, नंतर दाखवू" म्हणाले तर समजून जा. प्रिसेप्टर (कामावर शिकवणारे मार्गदर्शक) म्हणून इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचे तज्ज्ञ डॉक्टर) खरंच राउंडला शिकवतात का, की नाव फक्त लॉगबुकात, तेही विचार. आणि मागच्या बॅचच्या एखाद्या मुलीला गाठ. ती पास होऊन पुन्हा स्टाफच्याच ड्युटी रोस्टरवर, त्याच पगारात असेल, तर तुझंही तेच होणार. सरकारी भरतीचं म्हणशील तर अधिपरिचारिका, परिसेविका, पाठ्यनिर्देशिका या जाहिराती मी वर्षानुवर्षं पाहतेय, नर्स प्रॅक्टिशनर हे पद माझ्या नजरेला अजून पडलेलं नाही.

शिकवायची आवड असेल तर बिनधास्त नेहमीचं एमएस्सी कर. बेडसाइड सुटत नसेल तर एनपी. मी आज तुझ्या वयाची असते तर एनपीच केलं असतं, मेमो मिळूनही! पास झालीस की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद करून घे, आणि इन्डेम्निटी इन्शुरन्स (कामातल्या चुकीबद्दल दावा झाला तर कामी येणारा विमा) स्वतःच्या नावावर काढ, हॉस्पिटलच्या भरवशावर राहू नकोस.

परदेशाचं विचारलंस म्हणून: ब्रिटनमध्ये २००६ पासून नर्सला जवळपास सगळी औषधं स्वतः लिहिता येतात, पण त्यासाठी तिथली नोंदणी आणि प्रिस्क्रायबिंगचा वेगळा कोर्स लागतो. इथलं एनपी दाखवून तो अधिकार मिळत नाही.