टायरमध्ये हवा बरोबर आहे, तरी टीपीएमएसचा (टायरमधल्या हवेच्या दाबावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा) दिवा का जात नाही?

आधी दिवा कसा लागतो ते नीट बघा. गाडी सुरू केल्यावर मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर राहत असेल, तर हवेचा प्रश्न नाही, यंत्रणेतच बिघाड आहे. सुरुवातीपासूनच स्थिर असेल तर हवा पुन्हा तपासा. सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. तापमान साधारण 5-6 अंशांनी उतरलं की टायरमधला दाब 1 पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होतो, म्हणून थंडीच्या पहाटे हा दिवा हमखास लागतो.

लुकलुकत असेल तर बहुतेक वेळा चाकातल्या, दाब मोजणाऱ्या एखाद्या सेन्सरची बॅटरी संपलेली असते. ती 5 ते 10 वर्षं टिकते आणि सहसा बदलता येत नाही, सेन्सरच नवा घ्यावा लागतो. पण कृपया चारही सेन्सर लगेच बदलू नका! टीपीएमएस स्कॅन टूल (सेन्सरचा सिग्नल वाचणारं यंत्र) प्रत्येक चाकाजवळ धरून कोणता सेन्सर गप्प आहे ते आधी शोधून घ्या. नुकताच टायर बदलला असेल तर काढताना सेन्सर तुटला असण्याची शक्यता मोठी.

काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच, एबीएसवरून (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) हवेचा अंदाज घेतला जातो. तिथे हवा भरून रीसेट केलं की बहुधा काम होतं.