शब्दांची विचारपूस : ‘ईस्टर’ आला कुठून?

प्रश्न : ‘ईस्टर’ हे नाव बॅबिलोनच्या इश्तार देवीवरून पडलं, असा संदेश दरवर्षी मोबाईलवर येतो. हे खरं आहे का? (एक वाचक, वसई)

उत्तर : नाही, ताई. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश पाद्र्याने हे मत जोरात मांडलं आणि तेच अजून फिरतंय. दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणून ते नात्यातले ठरत नाहीत. इश्तार अक्कादी भाषेतली आणि ईस्टर जुन्या इंग्रजीतला. एकातून दुसरा आल्याचा काही पुरावा नाही.

पुरावा आहे तो बीड नावाच्या ख्रिस्ती साधूचा. इंग्लंडच्या उत्तरेला जॅरोच्या मठात राहणाऱ्या या साधूने ७२५ साली कालगणनेवर ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो, की साधारण एप्रिलमध्ये येणाऱ्या महिन्याला त्याचे पूर्वज ‘एओस्टुरमोनाथ’ म्हणत. एओस्त्रे नावाच्या देवीचा उत्सव त्या महिन्यात होई, म्हणून हे नाव. या देवीचा उल्लेख आणखी कुठेच सापडत नाही, त्यामुळे बीडने ती कल्पनेने उभी केली असंही काही अभ्यासक म्हणत. पण १९५८ साली जर्मनीत मोर्केन-हार्फजवळ रोमन काळातले दीडशेहून अधिक शिलालेख मिळाले. ते ‘ऑस्ट्रियाहेने’ या मातृदेवतांना वाहिलेले आहेत. नावाचं मूळ तेच दिसतं. मला तरी बीडवर विश्वास ठेवावासा वाटतो.

देवी असो वा नसो, शब्दाच्या मुळाशी पहाट आहे. इंग्रजीतली पूर्व दिशा, ‘ईस्ट’, त्याच मुळाची. ग्रीकांची एओस, रोमनांची ऑरोरा आणि आपली उषा या सख्ख्या बहिणीच. ऋग्वेदात जिच्यावर वीसेक सूक्तं आहेत तीच ही उषा. वर्गात हे पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला होता.

हे नाव मात्र मुख्यतः इंग्रजी आणि जर्मन भाषांपुरतंच. ग्रीक ‘पास्खा’, फ्रेंच ‘पाक’, पोर्तुगीज ‘पाश्कुआ’ ही सगळी हिब्रू ‘पेसाख’वरून आली. पेसाख म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेची आठवण जपणारा यहुदी सण. येशूचं मरण आणि पुनरुत्थान त्याच दिवसांतलं, म्हणून नावही तेच राहिलं. मी म्हापशाला भाड्याने राहत होते, तेव्हा घरमालकीणबाई ईस्टरच्या सकाळी केकची बशी घेऊन दारात यायच्या आणि म्हणायच्या, “आज पास्कांचें फेस्त!” त्यांच्या तोंडी ईस्टर हा शब्द मी कधी ऐकला नाही.