विद्यापीठाच्या छोट्या संशोधन निधीसाठी अर्ज करताना

प्रिय,
सप्रेम नमस्कार.

छोट्या संशोधन निधीसाठी विद्यापीठाचं परिपत्रक आलंय आणि तू विषय शोधत आहेस, असं कळलं. या निधीचं काम विद्यापीठाचं संशोधन मंडळ पाहतं. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याआधी ते बीसीयूडीकडे (महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळाकडे) होतं, म्हणून स्टाफरूममधली जुनी मंडळी अजून ‘बीसीयूडीची ग्रँट’च म्हणतात. परिपत्रकात आधी तीन गोष्टी बघ: कमाल रक्कम, मुदत आणि कोणत्या हेडखाली (खर्चाच्या शीर्षाखाली) काय चालतं. संगणक, प्रिंटर, फर्निचर, मदतनिसाचं मानधन बहुतेक योजनांत बसत नाही. तरीही दरवर्षी कुणी ना कुणी लॅपटॉप मागतोच, आणि छाननीत तो उडतो.

बहुतेक जण आधी विषय लिहितात आणि शेवटच्या रात्री खर्चाचा तक्ता भरतात. तू उलटं कर. मर्यादा एक लाखाची असेल तर त्या पैशांत आणि त्या मुदतीत नेमकं किती काम होईल, हे आधी कागदावर मांड. प्रश्न त्या मापाने काप.

समज, तुला विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट तपासायचंय. 20 विहिरी आणि तीन फेऱ्या (उन्हाळा, पावसाळ्यानंतर, हिवाळा) म्हणजे 60 नमुने. खातरजमेसाठी दुबार नमुने आणि ब्लँक (तुलनेसाठी शुद्ध पाण्याचे नमुने) मिळून आणखी 6 धर. बाहेरच्या प्रयोगशाळेचा दर नमुन्यामागे 500 रुपये असेल तर 33,000, आणि 18 टक्के जीएसटी धरून 38,940. एका फेरीला दोन दिवस, म्हणजे गाडीचे सहा दिवस. 3,000 च्या दराने 18,000. पीएच आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणारे मीटर करासह 14,160. बाटल्या, बर्फाची पेटी, किरकोळ रसायनं 9,000. आकस्मिक खर्च 4,900. एकूण 85,000. हे दर मी उदाहरणापुरते घेतलेत, तू प्रत्यक्ष कोटेशनवरून घे. मर्यादा लाखाची असली तरी 85,000 च माग. शेवटचा रुपया गाठण्यासाठी फुगवलेला तक्ता समितीला लगेच ओळखू येतो.

जीएसटी धरायला लोक हटकून विसरतात. संशोधन संस्थांना उपकरणांवर फक्त 5 टक्के जीएसटी लागण्याची सवलत जुलै 2022 मध्ये बंद झाली, त्यामुळे जुन्या प्रस्तावातले आकडे उचलू नकोस.

कामाचं वेळापत्रकही असंच बारकाईने कर. नायट्रेटचा नमुना 4 अंश सेल्सिअसला ठेवून 48 तासांच्या आत तपासावा लागतो. शनिवारी सकाळी नमुने काढलेस आणि प्रयोगशाळेने ते सोमवारी दुपारी तपासले, तर ती फेरी गेलीच म्हणून समज. प्रस्तावात ‘फेऱ्या सोमवार-मंगळवारी, नमुने त्याच संध्याकाळी जमा’ एवढं एक वाक्य असलं, की या माणसाने काम केलेलं आहे हे तपासणाऱ्याला कळतं.

शीर्षकात ‘एक अभ्यास’ लिहू नकोस. ‘महाराष्ट्रातील भूजल प्रदूषण’ हा विषय 85,000 रुपयांचा नाही. तालुक्याचं नाव, विहिरींची संख्या, घटक आणि ऋतू शीर्षकात येऊ देत. समितीत तुझ्या विषयाचा माणूस असेलच असं नाही. रसायनशास्त्राचा प्रस्ताव वाणिज्यचे प्राध्यापकही वाचतात. म्हणून पहिल्या परिच्छेदात प्रश्न साध्या भाषेत मांड: पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे (भारतीय मानक आयएस 10500:2012), आणि या गावांतल्या विहिरी कोणत्या ऋतूत ती ओलांडतात? संदर्भांची जंत्री त्यानंतर. गावकऱ्यांची मुलाखत किंवा प्रश्नावली असेल तर नैतिकता समितीची मान्यता लागेल. तिच्या बैठका वारंवार होत नाहीत, अर्ज आताच दे.

प्राचार्यांची सही आणि शिक्का शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस. परीक्षांच्या दिवसांत फाइल टेबलावर पडून राहते. प्रत जमा केल्यावर आवक क्रमांक घे.

मंजुरी मिळाली की खरी कटकट सुरू होते. पैसे बहुधा हप्त्यांत येतात. पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला) गेल्याशिवाय दुसरा सुटत नाही, आणि पहिला हप्ताच उशिरा येतो. पावसाळ्यानंतरची फेरी त्यासाठी थांबणार नाही, म्हणून महाविद्यालयाकडून उचल मिळेल का, हे आधीच विचारून ठेव.

लेखापरीक्षणात अडकणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात. बिलाची तारीख मंजुरीपत्राच्या आधीची असली तर तो खर्च अमान्य. बिल तुझ्या नावाने असलं, महाविद्यालयाच्या नाही, तरी अमान्य. तीन कोटेशन एकाच साच्यातली, एकाच चुकीच्या स्पेलिंगसह आली तर तीनही फर्म एकाच माणसाच्या आहेत हे लेखापरीक्षकाला शोधावं लागत नाही. कितीपर्यंत कोटेशन लागत नाही, ते खरेदी नियमांत बघ. सगळीकडे सारखं नसतं. मीटरची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) कर आणि पान क्रमांक बिलाच्या मागे लिही. खासगी गाडी वापरणार असशील तर परवानगी प्रवासाआधीची हवी. एका हेडचे पैसे दुसऱ्यावर वळवायचे तर आधी लेखी मान्यता, मग खर्च.

खरेदी जानेवारीपर्यंत संपव. मार्चमध्ये लेखा विभाग नवी बिलं घ्यायला नाखूश असतो, आणि 31 मार्चनंतर तोच खर्च पुढच्या वर्षात ओढताना पत्रव्यवहारात महिने जातात. उरलेली रक्कम, बँकेचं व्याज धरून, परत करावी लागते. धनादेशाची झेरॉक्स आणि पोच अंतिम अहवालाच्याच फाइलला लाव.

मसुदा झाला की आधी खर्चाचा तक्ता पाठव, बाकीचं नंतर वाचतो.

तुझा,
सर