सरावात झकास, सामन्यात धांदल

प्रश्न : मी ऐरोलीतल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमचा १७ वर्षांखालील मुलींचा सॉफ्टबॉल संघ आहे. सरावात ग्राउंडर (जमिनीलगत येणारा चेंडू), कॅच, थ्रो सगळं व्यवस्थित जमतं. सामन्यात मात्र समोरच्या मुलीने बंट टाकला, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच पुढ्यात सोडला, की आमच्या मुली एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहतात, नाहीतर थ्रो पहिल्या बेसवरून उंच निघून जातो. मैदान दीड तास मिळतं, तेही अर्धंच. उरलेल्या अर्ध्यात क्रिकेट चालू असतं. सरावात काय बदलू?
– एक क्रीडाशिक्षक, ऐरोली

उत्तर : सर, मुलींचे हात तयार आहेत हे तुमच्या पत्रातूनच कळतं. तयार नाही तो निर्णय. सरावात तुम्ही चेंडू मारता, मुलगी उचलते, पहिल्या बेसला फेकते आणि रांगेत मागे जाते. रनर नाही, आउट किती ते कुणी विचारत नाही. तिला ठरवावं असं काही लागतच नाही, मग सामन्यात ती ठरवणार कशी?

बेसबॉलमध्ये दोन बेसमध्ये ९० फूट असतात, सॉफ्टबॉलमध्ये ६०. बंट टाकून पळणारी चपळ मुलगी तीन-साडेतीन सेकंदांत पहिला बेस गाठते. तेवढ्यात चेंडूपर्यंत धावायचं, तो उचलायचा, वळायचं आणि फेकायचं. विचार करायला वेळ उरतच नाही, म्हणून तो पिचरने चेंडू टाकायच्या आधी झालेला हवा.

नेरूळला मी मुलींना शिकवते तिथे सरावात एक शिस्त पाळतो. प्रत्येक चेंडूआधी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभी राहणारी मुलगी) मोठ्याने विचारते, "आउट किती? रनर कुठे? थ्रो कुठे?" बाकीच्या बोटं वर करून आउट दाखवतात आणि थ्रो कुठे जाणार ते ओरडून सांगतात. पहिले काही दिवस मुली लाजतात, पुटपुटतात. जिचा आवाज येत नाही तिच्याकडे चेंडू मारायचाच नाही. हे मी फार आग्रहाने सांगते आहे, कारण गप्प इनफिल्ड, म्हणजे बेसजवळच्या गप्प मुली, मला कधीच सुरक्षित वाटत नाही.

दुसरी गोष्ट रनरची. निम्म्या मुलींना हेल्मेट घालून बेसवर उभं करा आणि प्रत्येक चेंडू खऱ्या प्रसंगात खेळवा. इथे एक बारकावा बरेच प्रशिक्षक सोडून देतात. चेंडू पिचरच्या हातून सुटल्याशिवाय रनरला बेस सोडता येत नाही. तुम्ही होमवरून (बॅटिंगच्या जागेवरून) स्वतःच चेंडू उडवून मारलात तर रनर केव्हाही निघतात आणि सगळी वेळ खोटी ठरते. म्हणून पिचरला चेंडूशिवाय पूर्ण अॅक्शन करायला लावा. तिचा हात मांडीजवळून पुढे गेला की रनर सुटतील आणि तुम्ही मारा.

आता बंट. पहिल्या बेसवर रनर आणि कोणी आउट नाही, हाच प्रसंग घ्या. फर्स्ट आणि थर्ड बेसच्या मुली पुढे धावतात. पहिला बेस सेकंड बेसची मुलगी सांभाळते, दुसऱ्या बेसवर शॉर्टस्टॉप जाते. थर्डच्या मुलीने बंट उचलला तर तिसरा बेस उघडा पडतो. तिथे होममागे बसणाऱ्या कॅचरने पळायचं. चेंडू कोणी उचलायचा आणि कुठे फेकायचा हे कॅचरच सांगणार, कारण सगळं मैदान समोर दिसतं ते तिलाच. आधी हे चालत चालत, चेंडूशिवाय करून घ्या. कोण कुठे जातं हे पायांना कळलं की मगच वेग वाढवा.

थ्रो उंच जाण्याचं कारण बहुतेक वेळा पायांत असतं. मुलगी धावता धावता वाकते, एका हाताने चेंडू खरवडते आणि सरळ उभी होत फेकते. होम आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये तीन-चार चेंडू जमिनीवर स्थिर ठेवा. तिने धावत यायचं, उजवा पाय चेंडूपाशी रोवायचा, दोन्ही हातांनी उचलायचा, डावा पाय पहिल्या बेसकडे टाकायचा आणि खाली राहूनच फेकायचं. चेंडू हातात येईपर्यंत हनुवटी छातीकडे झुकलेली आहे ना, एवढंच तुम्ही बघा. नजर आधी बेसकडे गेली की चेंडू हमखास सुटतो. घेणाऱ्या मुलीलाही सांगा : बेसवर पोहोचून थांब, छातीपाशी ग्लोव्ह दाखव. पळत्या ग्लोव्हवर कोणीच नेमका थ्रो करू शकत नाही. पहिल्या बेसला बाहेरच्या बाजूने गोणपाटाची आणखी एक पिशवी ठेवा आणि रनरला तिच्यावरूनच पळवा. सामन्यातही डबल (जोड) बेसचा बाहेरचा नारिंगी भाग रनरसाठीच असतो, टक्कर टळते.

अर्ध्या मैदानाची काळजी नको. होमपासून दुसरा बेस जेमतेम ८५ फुटांवर येतो, तेवढी जागा तुमच्याकडे आहे. पहिली १५ मिनिटं जोडीने थ्रो, पुढची १५ स्थिर चेंडू, बाकी सगळा वेळ प्रसंग. आउटफिल्डचे रिले थ्रो (लांबून मधल्या मुलीमार्फत येणारे) पूर्ण मैदान मिळेल त्या दिवसासाठी ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे. ग्राउंडर उसळून तिच्या गालावर बसला. आता चेंडू आला की ती मान फिरवते. खेळ सोडवावा का?
– एक आई, ठाणे

उत्तर : ताई, सोडवू नका. तिची भीती खरी आहे, तिला हसू नका आणि "घाबरतेस काय" असं कोणाला म्हणूही देऊ नका. मात्र मान फिरवण्याची सवय राहिली तर पुढचा चेंडू कानाशी बसेल, म्हणून ती आत्ताच मोडायला हवी. इनफिल्डमध्ये घालायचा फेस मास्क घ्या. मोठ्या खेळाडूही तो वापरतात, त्यात कमीपणा नाही. मग घरच्या घरी, दोघी गुडघ्यांवर बसून, चार-पाच हातांवरून टेनिस बॉल लोळवा. तिने तो ग्लोव्हशिवाय, दोन्ही हातांनी, डोळ्यांसमोर घ्यायचा. मान स्थिर राहू लागली की टप्पा द्या, मग ग्लोव्ह, मग खरा चेंडू. पावसाळ्यानंतर मैदानावर खडे वर येतात आणि चेंडू वेडावाकडा उसळतो. सराव सुरू होण्याआधी ते सगळ्या मुलींकडून वेचून घ्या, असं तिच्या सरांना माझ्या वतीने सांगा.