नाव घ्या, पण आधी फोनवर सांगून बघा

प्रश्न : चिपळूणजवळ आमची हापूसची बाग आहे. यंदा पुण्या-मुंबईला थेट पेट्या पाठवायच्या आहेत. ‘रत्नागिरी हापूस ऑनलाइन’ असं नाव ठरवलंय, म्हणजे गूगलवर आम्हीच दिसू. बरोबर आहे ना?

‘आम्हीच दिसू’ हे आधी डोक्यातून काढा. रत्नागिरी आणि हापूस हे दोन शब्द उलटसुलट जोडून नाव घेणारे पुष्कळ आहेत. गेल्या वर्षी पेटी त्यांतल्या नेमक्या कोणाकडून मागवली होती, हे गिऱ्हाइकाला आठवत नाही. शिवाय ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ९ नुसार मालाचं निव्वळ वर्णन करणारे किंवा त्याचं मूळ ठिकाण सांगणारे शब्द सहसा एकट्याच्या नावावर होत नाहीत. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या बागायतदारांचं सामाईक आहे. त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून जरूर नोंद करा, पेटीवर तसं छापा. नाव मात्र स्वतःचं घ्या. बागेला किंवा वाडीला घरात काहीतरी म्हणतच असतील, ते आधी तपासा. आणि आंबा जूनमध्ये संपतो. पुढे कोकम, काजू, फणसपोळी विकायची झाली तर नावातल्या हापूसचं काय करणार?

प्रश्न : सांगलीत आम्ही चौघी मिळून पापड-कुरडया करतो. नावात ‘वाळवण’ हवंच आहे. इंग्रजी स्पेलिंग कसं करू? की सरळ मराठीतच डोमेन (म्हणजे वेबसाइटचा पत्ता) घेऊ?

मराठी शब्दाची खरी परीक्षा इथे लागते. पहिला ‘व’ व्ही की डब्ल्यू? पुढे ए एक की दोन? ‘ळ’ला रोमनमध्ये अक्षरच नाही, म्हणून एल; पण त्याच्यानंतर ए द्यायचा की नाही? मग दुसरा ‘व’, पुन्हा व्ही की डब्ल्यू? गुणाकार केला तर सोळा स्पेलिंगं होतात, आणि प्रत्येक स्पेलिंग कोणाला ना कोणाला बरोबरच वाटतं. ‘फराळ’चं तेच (एफ की पीएच), ‘झुणका’चंही तेच.

माझी चाचणी साधी आहे. नात्यातल्या तिघांना फोन करा, नाव एकदाच उच्चारा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजीत लिहून पाठवायला सांगा. तिघांनी सारखं लिहिलं तर डोळे झाकून घ्या. दोन प्रकार आले तर दोन्ही डोमेन घ्या आणि एक दुसऱ्याकडे वळवा. तिघांनी तीन तऱ्हा केल्या तर ‘वाळवण’ पाकिटावर ठेवा, पत्त्यासाठी दुसरा शब्द शोधा. व, ळ, झ, फ आणि दीर्घ स्वर नसलेले शब्द तगतात. ‘तिखट’ बहुतेक सगळे एकाच तऱ्हेने लिहितात. हायफन आणि आकडे तर नकोतच. ‘मध्ये आडवी रेघ, मग चार आकड्यात’ हे कुरिअरवाल्याला किती वेळा सांगाल?

देवनागरीत ‘डॉट भारत’ २०१४ पासून मिळतं. हौसेने घ्या, पण दुकान फक्त त्याच्या भरवशावर टाकू नका. असा पत्ता कॉपी करून पाठवला की काही ठिकाणी तो एक्सएन आणि दोन रेघांनी सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत दिसतो. त्यावरचा ईमेलही अनेक फॉर्म घेत नाहीत.

प्रश्न : नाशिकला आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली, नाव मंजूर आहे. म्हणजे ते आता आमचंच ना? डॉट कॉम दुसऱ्याकडे आहे, डॉट इन चालेल?

नाही, एवढ्याने ते तुमचं होत नाही. इथे तीन खिडक्या आहेत : कंपनी नोंदणी, ट्रेडमार्क आणि डोमेन. एका खिडकीवर मिळालेलं नाव दुसरीला बंधनकारक नसतं. उद्यम प्रमाणपत्र आणि गुमास्त्यावरच्या नावाने तर मालकी अजिबात येत नाही. उलट नाव एखाद्या नोंदलेल्या ट्रेडमार्कशी जुळत असेल, तर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६ खाली तो मालक तीन वर्षांपर्यंत अर्ज करू शकतो, आणि नाव बदलावं लागू शकतं. पाट्या, बिलं, जीएसटी, बँक, सगळं पुन्हा. म्हणून क्रम उलटा हवा होता : आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर फुकटात शोध, मोकळं दिसलं तर त्याच दिवशी डोमेन, मग कंपनी. अजून वेळ गेलेली नाही, हा शोध आज रात्रीच घ्या. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत, आपल्या मालाचा बघा. व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाची फी वर्गामागे ४,५०० रुपये आहे.

आता डॉट कॉम. तिथे नुसतं जाहिरातींचं पान असेल तर डॉट इन बिनधास्त घ्या. तुमच्याच धंद्यातलं चालतं दुकान असेल तर डॉट इन घेऊन भागणार नाही, नावच बदला. १९९९ मध्ये ‘रेडिफ’ने ‘रॅडिफ’ या एका अक्षराच्या फरकाच्या डोमेनविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने त्या नावाचा वापर थांबवला. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही डोमेनला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं असं सांगितलं. आधी वापरणाऱ्याचं पारडं जड असतं.

प्रश्न : वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलंय. आता फोन उचलत नाही. काय करू? (लातूर)

मीही एकदा पोळलोय. माझ्या पहिल्या डोमेनच्या नूतनीकरणाच्या सूचना त्याच डोमेनवरच्या ईमेलला जायच्या. मुदत संपली, ईमेल बंद पडला, सूचना येणार कुठे? डॉट कॉमची मुदत संपली की आधी काही दिवसांची जादा मुदत असते (ती विकणाऱ्यानुसार बदलते), मग ३० दिवस भरभक्कम दंडाने सोडवता येतं, आणि आणखी ५ दिवसांनी ते कोणीही घेऊ शकतं. मी दंड भरून सोडवलं.

म्हणून तुम्ही आधी ‘हू-इज’मध्ये (डोमेनच्या नोंदी दाखवणारा ऑनलाइन शोध) मुदतीची तारीख आणि डोमेन कोणत्या कंपनीकडून घेतलंय ते बघा. त्याचे काही पैसे राहिले असतील तर ते देऊन टाका. मग लेखी मागणी करा : नोंदणी माझ्या नावावर करा किंवा ट्रान्सफर कोड (डोमेन दुसरीकडे हलवायला लागणारा) द्या. सोबत तुम्ही पैसे दिल्याच्या पावत्या जोडा. डॉट इन असेल आणि तरी दाद मिळाली नाही, तर निक्सीच्या (डॉट इन डोमेन सांभाळणारी संस्था) वाद-निवारण धोरणाखाली तक्रार करता येते. तिथे त्या नावावर तुमचा हक्क दाखवावा लागतो, म्हणून ट्रेडमार्कचा अर्ज या आठवड्यातच टाका.