टेंडर निवडताना आधी वजनाचं बघ

प्रिय कप्तानबाई,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल आणि सोबतची तिन्ही रिबची (कडक तळ आणि कडेला हवेच्या ट्यूब असलेल्या होड्यांची) माहितीपत्रकं मिळाली. 34 फुटी शिडाची बोट झाली, गेटवेसमोर मुरिंगही, म्हणजे बोट बांधून ठेवायची जागा, मिळालं, आता किनाऱ्यावरून बोटीपर्यंत ये-जा करायला लहान होडी, म्हणजेच टेंडर, हवी. तुझं मन 3.4 मीटरच्या, 15 हॉर्सपॉवरच्या रिबवर बसलंय हे तू लिहिलं नाहीस तरी कळलं, कारण त्याच पत्रकावर पेनाने एवढ्या खुणा केल्यास. देखणी आहे खरी. घेऊ नकोस.

टेंडरच्या बाबतीत वेग, रंग, गाद्या, स्टिअरिंग हे सगळं मागाहून. पहिला प्रश्न एकच: ही होडी पाण्याबाहेर कोण काढणार आणि कशाने? तुझ्या मनातली रिब फायबरची, दुहेरी तळाची आहे. नुसती होडी 75 ते 80 किलो. 15चं फोर-स्ट्रोक इंजिन 50च्या आसपास. वर पेट्रोलची टाकी, नांगर, वल्ही. दीडशे किलो झाले. याउलट 2.7 मीटरची एकेरी तळाची अ‍ॅल्युमिनियम रिब 40-45 किलोत येते, त्यावरचं 6 हॉर्सपॉवरचं इंजिन साधारण 26 किलो. दोन माणसं ही होडी वाळूवरून उचलून नेतात, आणि इंजिन एकटा माणूस शिडीवरून वर घेतो. शिव्या घालत घेतो, पण घेतो.

जी होडी उचलता येत नाही ती लोक मागे बांधून ओढत नेतात. सकाळी मांडव्याकडे निघताना पाणी सपाट असतं, तेव्हा काही वाटत नाही. दुपारी खारा वारा भरला, मागून लाटा येऊ लागल्या की टेंडर लाटेवरून घसरत येतं आणि तुमच्या पिछाडीला धडका देतं. मग दोर लांब करा, आखूड करा, हेच चालू. त्यात पाणी भरलं तर दोर तरी तुटतो नाहीतर कडं उपटतं. ओढायचीच वेळ आली तर इंजिन आधी बोटीवर घे, होडीतली प्रत्येक सुटी वस्तू काढ आणि दोर एका कड्याला न बांधता नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंच्या कड्यांना ब्रायडल (दुपाखी दोर) करून बांध. पण तो मांडव्यापर्यंतचा इलाज. पुढे मुरूड-जंजिऱ्याकडे जाशील तेव्हा टेंडर डेकवर घट्ट बांधलेलंच हवं.

डेव्हिटचं, म्हणजे बोटीच्या मागे होडी टांगायच्या लोखंडी हातांचं, तुझ्या नवऱ्याने विचारलंय. 34 फुटी बोटीच्या मागे डेव्हिट लावून रिब टांगता येते, गोव्याला मांडवी नदीत तशा बोटी दिसतील. उघड्या समुद्रात मला ते पटत नाही. मागून एक लाट टांगलेल्या होडीत शिरली की 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो, आणि ते सगळं डेव्हिटच्या टोकाला. डेव्हिट लावलेच तर टांगल्याबरोबर ट्रान्समचं, म्हणजे होडीच्या मागच्या सपाट फळीचं, बूच काढायचं. ते बूच बारीक दोरीने होडीलाच बांधून ठेव. हरवायला याच्याइतकी गुणी वस्तू दुसरी नाही.

त्यापेक्षा मास्टवरचं (डोलकाठीवरचं) जादा हॅलियर्ड, म्हणजे शिड चढवायचा दोर, वापर. तीन पट्ट्यांची एक उचल करून घे: दोन पट्ट्या ट्रान्समच्या कड्यांना, एक नाळेच्या आतल्या कड्याला, तिन्हींची टोकं वर एका स्टीलच्या कडीत. पुढची पट्टी जरा आखूड ठेव, म्हणजे नाळ उंच राहते आणि वर चढता चढता उरलंसुरलं पाणी बुचाच्या भोकातून गळून जातं. एकाने मास्टवरच्या विंचने ओढायचं, दुसऱ्याने नाळेचा दोर धरून होडी बोटीपासून लांब ठेवायची. तो दोर सोडला की होडी वाऱ्यावर गर्रकन फिरते आणि स्टँचन, म्हणजे कठड्याचे खांब, वाकवते. वर आली की उलटी करून पुढच्या डेकवर पालथी घालायची. आता टेप घेऊन जा आणि मास्टच्या पुढून नांगर ओढायच्या विंडलासपर्यंत किती जागा आहे ते मोज. 2.7 बसेल असा माझा अंदाज आहे, 3.4 मुळीच नाही. ट्रान्सम दुमडणाऱ्या रिबही मिळतात. हवा काढली की त्यांची उंची फार तर गुडघ्याखाली राहते आणि पुढचं दिसतं. मात्र पालथ्या होडीखाली तुमची पुढची हॅच (डेकमधली हवेची झडप) झाकली जाते. मुंबईच्या दमटपणात पुढच्या केबिनमध्ये झोपून बघ, मग कळेल मी काय म्हणतोय ते. बोटीवर मुक्काम असेल त्या रात्री होडी बाजूलाच डेकच्या उंचीवर टांगून ठेव. पाण्यात मात्र सोडायची नाही. बंदराच्या पाण्यात तळाला किती लवकर शेवाळ धरतं ते तू बोटीच्या तळाचं बघितलंच आहेस. अ‍ॅल्युमिनियमला तर शेवाळ न धरू देणारा तांब्याचा अँटिफाउलिंग रंग चालतच नाही, धातू खाल्ला जातो.

फायबर की अ‍ॅल्युमिनियम? फायबरचा तळ लाटेत मऊ चालतो, अ‍ॅल्युमिनियमचा खडखडतो, हे मान्य. पण तू उतरणार कुठे ते बघ. गेटवेच्या पायऱ्यांवर मी म्हणतो तसं एकदा ओहोटीला जाऊन उभी राहा. खालच्या पायऱ्या शेवाळाने हिरव्यागार आणि निसरड्या, भिंतीला कालवं चिकटलेली, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. तुम्ही होडी लावता, एक पाय पायरीवर, एक ट्यूबवर, आणि तेवढ्यात मांडव्याची लाँच वळते. तिची लाट होडीला फूटभर वर उचलते आणि भिंतीवर घासत खाली सोडते. तिथे फायबरच्या जेलकोटचे, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराचे, टवके उडतात. अ‍ॅल्युमिनियमला पोचा येतो, बस. ट्यूबच्या बाहेरची रबरी पट्टी रुंद आणि जाड असेल तरच ट्यूब वाचते, पत्रकातल्या फोटोत ती नीट निरखून बघ. नाळेवर पाय द्यायला सपाट पायरी असलेलं मॉडेल घे. तुझ्या सासूबाई साडीत बोटीवर येतात म्हणतेस, त्यांना ट्यूबवरून उडी मारायला लावू नकोस. त्यांच्यासाठीच दुहेरी तळ बरा, त्यात आतली जमीन सपाट आणि पाय कोरडे. पण त्यासाठी 10-15 किलो मोजावे लागतात. मी एकेरी तळ घेऊन त्यावर हलकी जाळीची फळी टाकली असती.

लांबीचा आकडा फसवा असतो, हेही लक्षात घे. 2.7 मीटर ही बाहेरून. ट्यूबांची जाडी वजा जाता आतली लांबी दोन मीटरही भरत नाही. ट्यूब 40 सेंटिमीटरच्या वर असेल तर खाऱ्या वाऱ्यात तुम्ही कमी भिजता, बसायची जागा मात्र तेवढीच कमी होते. ट्रान्समवरची पाटी वाच: किती माणसं, किती किलो, जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर. तिथे माणूस 75 किलोचा धरलेला असतो आणि पाणी शांत. चार जणांची पाटी असेल तर दुपारच्या लाटेत तीन जण बसवायचे, चौथ्यासाठी दुसरी फेरी.

आता ट्यूबचं कापड. इथे कंजूसपणा करू नकोस. पीव्हीसी स्वस्त, हायपॅलॉन महाग, आणि युरोपातल्या थंड पाण्यावर पीव्हीसी चांगलं टिकतं म्हणून तिकडचे लोक तेच सुचवतात. आपल्या उन्हात ते आधी चिकट होतं, मग कडक, आणि सांधे सुटू लागतात. सांधा नुसता चिकटवलेला असेल तर आणखी लवकर, वेल्ड केलेला असेल तर जरा उशिरा. हायपॅलॉन हे ड्यूपाँटचं रबर. त्या कंपनीने ते बनवणं 2010 च्या सुमारास थांबवलं, त्यामुळे आज त्या नावाने विकलं जातं ते इतर कारखान्यांचं त्याच जातीचं रबर असतं. विक्रेत्याला कापड कोणाचं ते विचार. 'ऑर्का'सारखं नाव सांगितलं तर ठीक, 'एक नंबर माल आहे मॅडम' म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. पीव्हीसीच परवडणार असेल तर पहिल्याच दिवशी कॅनव्हासचे अंगरखे शिवून ट्यूबवर चढव. ठिगळाचा गोंद दोन्हींचा वेगळा असतो, आणि तो दमट हवेत धरत नाही. दुरुस्ती डिसेंबर-जानेवारीत उरकायची, जूनमध्ये ठिगळ लावणं म्हणजे गोंद वाया.

हवा साधारण पाव बार. सकाळी टणटणीत भरून दुपारी उन्हात ठेवलीस तर दाब वाढतो, सांध्यांवर ताण येतो. थोडी सोडून दे. पाण्यात उतरवल्यावर पुन्हा भर. पंपाबरोबर गेज असतोच, तो वापर. अंगठ्याने दाबून बघणारे दर बंदरात भेटतील.

इंजिन 6चं घे. तोहात्सु कंपनीची 4, 5 आणि 6 हॉर्सपॉवरची इंजिनं वजनाला सारखीच भरतात, मग कमी कशाला घ्यायचं? एकटी असशील तर होडी पाण्यावर उडेल, तिघं बसलात की नांगरल्यासारखी जाईल. मुरिंगपर्यंतच्या अंतराला काही बिघडत नाही. शाफ्ट आखूड की लांब हे ट्रान्समची उंची मोजून ठरव, बहुतेक लहान रिबना आखूड लागतो. बॅटरीवरच्या टॉर्किडो किंवा ई-प्रोपल्शनच्या मोटरींबद्दल विचारलंस. आवाज नाही, वास नाही, पेट्रोलचा कॅन नाही, मलाही मोह होतो. पण उधाणाला मुंबईत पाणी 4 मीटरच्या वर चढतं-उतरतं, आणि त्या ओहोटीच्या ओढीविरुद्ध संध्याकाळी परत यायचं तर बॅटरीचा काटा बघत बसावं लागतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, चालेल. पेट्रोलला आता 20 टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून टाकी आणि इंजिनाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसव, आणि मे अखेर बोट वर काढाल तेव्हा कार्ब्युरेटर रिकामा करून ठेव. किल कॉर्ड (तू पडलीस तर इंजिन बंद पाडणारी दोरी) मनगटाला किंवा मांडीला अडकवल्याशिवाय इंजिन सुरू करायची दोरी ओढायचीच नाही, शंभर फुटांसाठी जायचं असलं तरी.

तुझ्या मनातल्या रिबच्या पत्रकात जीवरक्षक बोटींचा वारसा वगैरे लिहिलंय. ते खोटं नाही. वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात रिअर अ‍ॅडमिरल डेझमंड होअर यांनी 1960 च्या दशकात विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन कडक तळ आणि हवेच्या ट्यूब यांची जोड जमवली, आणि तिचं पेटंट ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेला, आरएनएलआयला, नाममात्र एका पौंडात देऊन टाकलं. त्या जोडीतूनच 1972 साली आरएनएलआयची 21 फुटी अटलांटिक बोट सेवेत आली. माणूस मोठा. पण ती 21 फुटी होती, वादळात जायला बांधलेली आणि तयार तुकडीने चालवायची. तुला सासूबाईंना आणि भाजीच्या पिशव्यांना बोटीपर्यंत न्यायचंय.

जुनी चांगली मिळाली तर नव्यापेक्षा ती घे. ट्रान्समवरच्या हल क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे मॉडेलचं साल सांगतात, विकणाऱ्याचं तोंडी साल त्याच्याशी ताडून बघ. ट्यूब टणक भरून रात्रभर ठेवायला सांग, सकाळी जाऊन बघ. साबणाचं पाणी व्हॉल्व्हवर आणि जिथे ट्यूब तळाला चिकटते त्या पूर्ण रेषेवर फिरव. तिथले बुडबुडे म्हणजे मोठा खर्च, बाकी ठिकाणचे किरकोळ. ट्रान्समला दोन्ही हातांनी धरून हलव. हलला की तोंडभर हसून निरोप घे.

सोबत दोन वल्ही, पंप, लहान घडीचा नांगर, पाणी उपसायला डबा, विजेरी, प्रत्येकाला जॅकेट. आवास-किहीमच्या पुळणीवर उतरणार असाल तर ट्रान्समला चाकं लाव. ओहोटीत पाणी इतकं मागे जातं की परतीला होडी वाहून न्यावी लागते. इंजिनाला कुलूप, होडीला स्टीलची तार. नोंदणीचं महाराष्ट्र सागरी मंडळात आधीच विचारून घे, विक्रेत्याच्या भरवशावर राहू नकोस.

डेकचं माप आणि ट्रान्समची उंची, दोन्ही कळव. 2.7 बसत नसेल तर 2.4 चा विचार करू, तेव्हा इंजिनही खाली आणावं लागेल. शनिवारी सकाळी मी ससून डॉकला मासळी घ्यायला येतोय. तिथून गेटवेला येईन, ओहोटीची वेळ तू बघून ठेव.

तुझा,
काका