वाचवत नाही, मग पाठ करू?

प्रश्न: ताई, आईची केमो चालू आहे, बायबल हातात धरवत नाही, अक्षरं पण पुसट दिसतात, वचनं पाठ करून घेऊ का?

उत्तर: घ्या की, पण परीक्षेसारखं नको. बायबलमधलं स्तोत्र 23 सहाच वचनांचं, त्यांना संडेस्कूलपासून अर्धंमुर्धं येतच असेल, सलाईन चालू असताना 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' एवढं तुम्ही म्हणा, पुढचं त्या म्हणतील. मग स्तोत्र 121. (119 च्या नादी लागू नका, 176 वचनं आहेत बाबा!) आणि नुसती गोडगोड वचनं नकोत, येशूने क्रुसावर 22 व्या स्तोत्राचीच सुरुवात म्हटली, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?', ती तर सरळ तक्रारच आहे. मध्येच अडल्या तर टोकू नका, केमोत बऱ्याच जणांना विसरायला होतं.